लासोचा दोन हात तुकडा आणि आईसाठी भोपळा

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न.

पार्सल एक-दोन दिवसांत हाती येईल. त्यात दोन वस्तू आहेत. बाबांसाठी कातड्याच्या लासोचा, म्हणजे फास फेकून जनावर धरायच्या दोराचा, दोन हात तुकडा, लोखंडी कडीसकट. आईसाठी वाळवलेला छोटा भोपळा आणि धातूची नळी. बाबांनी मागे विचारलं होतं, "वाखाचा नाही, सुताचा नाही, नुसत्या कातड्याचा दोर पळत्या बैलाच्या हिसक्याला तुटत कसा नाही?" त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं.

अर्जेंटिनाच्या पाम्पात, म्हणजे ब्युनोस आयरेसभोवतीच्या सपाट गवताळ मुलखात, घोड्यावरून गुरं राखणाऱ्याला गाऊचो म्हणतात. गुरं आणि घोडी दोन्ही स्पॅनिश लोकांनी आणली. 1536 मध्ये पेद्रो दे मेंदोसाने इथे पहिली वसाहत केली, ती काही वर्षांत मोडली. 1580 मध्ये हुआन दे गाराय याने शहर पुन्हा वसवलं. मोकळ्या सुटलेल्या जनावरांना अडवायला कुंपण नव्हतं, चारा अमाप होता, कळप वाढतच गेले. तेव्हा मांसाला मोल नव्हतं. मोल होतं कातड्याला आणि चरबीला. जनावर मारायचं, कातडं काढायचं, बाकीचं माळावर टाकून द्यायचं. त्यात त्या मुलखात झाडं तुरळक, दगड नाही, लोखंड महाग. म्हणून दावं, लगाम, खोगीर, चाबूक, सगळं कातड्यातूनच आलं. गाऊचोचं कसब कुठे बघायचं असेल तर ते चाकूत किंवा पोशाखात शोधू नये, कातड्याच्या कामात बघावं, असं मला मनापासून वाटतं.

बाबा, आता तो तुकडा हातात घ्या. तुमच्या चऱ्हाटाला पीळ असतो, याला पीळ नाही. ही चौपेडी वेणी आहे. पिळाचा दोर फेकला की उलगडताना स्वतःभोवती फिरतो आणि त्याला गाठी पडतात. वेणीचे पेड एकमेकांना दोन्ही बाजूंनी अडवतात, म्हणून फास हवेत उघडाच राहतो.

कातडं घेतात ते रोड जनावराचं. माजलेल्या जनावराचं कातडं चरबीने भरलेलं आणि सैल असतं, त्याची वादी, म्हणजे कापून काढलेली लांब पट्टी, पुढे ताणत जाते. निवडलेलं कातडं जमिनीवर खुंट्या मारून ताणतात, पण सावलीत. कडक उन्हात वरचा थर भाजून टणक होतो, आत ओल राहते, आणि वादी वर्षभरातच तडकते. केस चाकूने तासून काढतात. चुन्यात भिजवलं तर केस पटकन सुटतात, पण कातड्याचा जोरही जातो. दोर वळणारा जाणता माणूस चुन्याला हात लावत नाही. पोटाकडचा पातळ, लवचीक भाग कापून बाजूला काढतात. मग उरलेलं कातडं कडेपासून मध्याकडे गोल गोल कापत एकसलग वादी काढतात. सांधा म्हणजे तुटायची जागा, म्हणून हा सगळा खटाटोप.

कातडं कमावलेलं नसतं, कच्चंच असतं. ते मऊ होतं ते मेहनतीने. खाच असलेल्या कठीण लाकडात वादी अडकवून, पिळून, पुढे-मागे ओढत राहायचं. तास-दोन तासांचं काम नाही ते. मग वादी एका रुंदीची करून तिच्या कडा तिरप्या तासतात. कड चौकोनी ठेवली तर शेजारचा पेड घासून कापला जातो. वेणी घालताना वादी दमट हवी. चिंब असेल तर वाळल्यावर आकसते आणि वेणी सैल पडते. कोरडी असेल तर वळणावर चिरते. मिरजेत ज्याने तबल्याची वादी ओढली आहे त्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

पूर्ण लासो साधारण 12 ते 20 मीटर भरतो. तुमच्याकडच्या तुकड्यात कडीकडचा भाग जाड आहे, त्याला यापा म्हणतात. फास उघडा राहतो आणि वाऱ्यातही सरळ जातो तो या वजनामुळे. कडीतून दोर सरकतो आणि फास आवळतो. लांबच्या टोकाला कातड्याचं बिरडं आणि फासा असतो. तो अडकवतात घोड्याच्या तंगाच्या, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याच्या कडीला, उजव्या अंगाला. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, बाबा. मेक्सिकोकडच्या खोगिराला पुढे खुंटा असतो, तिथला स्वार दोर त्याला गुंडाळतो. गाऊचोच्या खोगिराला खुंटा नाही. हिसका स्वाराच्या हाताला बसत नाही, खुंट्यालाही नाही. तो तंगातून घोड्याच्या साऱ्या अंगाला बसतो. शिकवलेला घोडा दोर ताणला जाताच त्याच्या विरुद्ध अंग टाकतो आणि थोडा सरकत हिसका सोसतो. दोर तुटत नाही याचं निम्मं श्रेय वेणीला, निम्मं घोड्याला.

घात होतो तो तीन जागी. तंग सैल राहिला तर खोगीर घोड्याच्या पोटाखाली फिरतं आणि स्वार खाली जातो. म्हणून फेकण्याआधी उतरून तंग पुन्हा आवळतात. दुसरं, हातातली वेटोळी नुसती बोटांवर धरायची, मनगटाला वेढा कधीच द्यायचा नाही. या चुकीने बोटं गेलेली माणसं असतात. तिसरं, दोर पावसात भिजवून तसाच वापरला तर तो लांबतो, आणि वाळला की एकसारखा आकसत नाही.

खोगिराबद्दल थोडं. इथल्या खोगिराला रेकादो म्हणतात. ते एकसंध नसतं, थर असतात. पाठीवर आधी घाम टिपणारं कापड, त्यावर लोकरीची घोंगडी, मग कातड्याचा पत्रा. त्यावर बास्तो, म्हणजे गवत-लव्हाळ्याने भरलेल्या कातड्याच्या दोन लांब गुंडाळ्या, कण्याच्या दोन्ही अंगांना. मग तंग. तंगावर मेंढीचं केसाळ कातडं, वर मऊ चामडं आणि पुन्हा एक पट्टा. रात्री हेच थर जमिनीवर पसरले की अंथरूण होतं आणि बास्तो उशाला येतात. आपण ज्याला खोगीरभरती म्हणून नावं ठेवतो, तीच इथे नाजूक गोष्ट आहे. भरण एका जागी गोळा झालं किंवा दोन गुंडाळ्यांमधली कण्यावरची मोकळी जागा बुजली, की दोन दिवसांत घोड्याची पाठ लागते, आणि ती भरून यायला काही आठवडे जातात. बैलाचा खांदा जपायला आपण पोळ्याआधी खांदेमळणी करतो. इथे खोगीर उतरवल्यावर आधी पाठीवरून तळवा फिरवतात. घाम सगळीकडे सारखा हवा. मध्येच कोरडा डाग दिसला तर तिथे दाब जास्त पडतो आहे असं समजायचं.

घोडे एकेकटे नसतात, त्यांचा ताफा असतो, बहुधा एकाच रंगाचा. सगळ्यांना एका घोडीची सवय लावतात आणि तिच्या गळ्यात घंटा बांधतात. रात्री माळावर सोडले तरी ते त्या घंटेपासून लांब जात नाहीत. सकाळी घोडी हाकली की ताफा मागोमाग येतो. आपल्याकडे गुराखी म्होरक्या गाईला हाक मारतो, तसंच.

हा मोकळेपणा टिकला नाही. 1815 पासून ब्युनोस आयरेस प्रांतात ज्याच्याकडे जमीन नाही त्याला मालकाच्या सहीची चाकरीची चिठ्ठी जवळ ठेवणं भाग पडलं. चिठ्ठी नसली की तो भटक्या ठरायचा आणि फौजेत पाठवला जायचा. 1845 च्या सुमारास रिचर्ड न्यूटन या जमीनदाराने चास्कोमुसजवळ तारेचं कुंपण घातलं, आणि पुढच्या काही दशकांत सारा माळ तारेने कापला गेला. गाऊचो मालकाचा गडी झाला. आज मोठ्या गोठ्यांवर लोखंडी अडसरांतून गुरं हाकतात, नायलॉनचा दोर वापरतात. नायलॉन स्वस्त आहे, पावसाला भीत नाही. पण तो हलका असतो, वाऱ्यात भरकटतो, आणि हातातून सरकला तर भाजतो.

गुरांवर मालकाची खूण डागणं मात्र अजून होतं, थंडीच्या दिवसांत, कारण तेव्हा माश्या जखमेत अंडी घालत नाहीत. डागणी लाल करत नाहीत. राखेच्या रंगाची झाली की ती तयार. लाल असेल तर केस पेटतात आणि खूण पसरते, काळी असेल तर कातडीवर काही उमटतच नाही. ओल्या केसांवर कधीच डागत नाहीत, कारण वाफेने आजूबाजूची कातडी पोळते.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला आवडेल. उत्तरेकडच्या कोरिएन्तेस, चाको या उष्ण प्रांतांत ब्रँगस जातीची गुरं आहेत, 3/8 ब्राह्मन आणि 5/8 अँगस. ब्राह्मन ही जात अमेरिकेत घडली ती आपल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गुरांपासून. ऊन आणि गोचीड सोसायची ताकद या आपल्या गुरांकडून आली. म्हणजे आपल्या नदीकाठचं थोडं रक्त तिथल्या माळावर चरतंय.

आई, आता तुझा भोपळा. हा आपल्या दुध्याचाच जातभाई आहे. यात माते पितात. माते म्हणजे येर्बा नावाच्या झाडाच्या वाळवून कुटलेल्या पानांचा काढा. नवा भोपळा आधी मुरवायचा. वापरलेला ओला चोथा भरून एक दिवस ठेव, मग आतला मऊ गर चमच्याने हलकेच खरवडून काढ, आणि पुन्हा एकदा तसंच कर. पिताना पाऊण भोपळा येर्बा भर, तोंडावर तळवा ठेवून उलटा करून हलव, म्हणजे भुकटी वर येते आणि नळीत अडकत नाही. येर्बा एका बाजूला उतरती कर, खालच्या बाजूला कोमट पाणी घाल, ते मुरू दे, आणि तिथेच नळी खोच. मग नळी हलवायची नाही. पाणी 70 ते 80 अंशांचं. भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसले की उतरव. उकळतं घातलंस तर पानं जळतात आणि दोन-तीन घोटांत चव संपते. एकच भोपळा सगळ्यांत फिरतो. पहिला, कडू घोट ओतणाऱ्यानेच प्यायचा. परत देताना "ग्रासियास" म्हटलं तर आता पुरे असा अर्थ होतो, म्हणून हवा असेल तोवर आभार मानायचे नाहीत. पिऊन झालं की चोथा लगेच काढून भोपळा आडवा वाळव, नाहीतर आपल्या पावसाळ्यात बुरशी धरेल.

आणि बाबा, लासोचा तुकडा खिळ्याला टांगू नका, त्या जागी त्याला कायमचा बाक येतो. रुंद वेटोळं करून फळीवर ठेवा. सहा महिन्यांनी चरबीचा अगदी हलका हात फिरवा. जास्त चोपडली तर तो लुळा पडतो. उंदरांना कच्चं कातडं फार आवडतं, तेव्हा कणगीच्या खोलीत ठेवू नका.

तुमची लेक