बिननंबरी चष्मा

गड्या सुध्या,

पोळ्यानंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन आले तेव्हा वावरात होतो, रात्री करतो म्हणालो आणि राहूनच गेलं. शिव्या घालून घे. माझी बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे जसे होते तसेच.

लिहायला बसलो ते चिंगीच्या डोळ्यापायी. घाबरू नको, डोळा आता बरा आहे. तिला सरकारच्या मानव विकास योजनेतली सायकल मिळाली हे माहीत आहे ना? शाळा चार किलोमीटर, त्यातली दीड पांदण. गेल्या महिन्यात पांदणीला लागूनच मळणीचा हडंबा चालू होता, तूर निघत होती, वारा नेमका रस्त्याकडे. कुटाराचा लोट आला आणि बाई तशीच त्यातून घुसली. घरी आली तेव्हा उजवा डोळा मिटलेला, दुपट्ट्याच्या टोकाने चोळून चोळून लाल केलेला.

आता माझी अक्कल ऐक. मेडिकलमधून थेंब आणले. "लाली लगेच उतरते," म्हणाला. लाली उतरलीही. तिसऱ्या दिवशी मात्र पोरीला दारातला उजेड सोसेना. डोळ्याच्या डॉक्टरकडे नेली. त्यांनी केशरी रंगाची पट्टी डोळ्याला टेकवली, निळा उजेड टाकला, तर बुबुळावर हिरवी रेघ चमकली. मग माझ्या हातातली शिशी घेऊन वाचली. स्टेरॉइड होतं. झाडपाल्याचा कण लागला की बुबुळात बुरशी धरू शकते, आणि बुरशीवर स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल, असं म्हणून त्यांनी मला पेशंटांसमोर झाडलं. शेवटी म्हणाले, "नशीब समजा, फूल पडलं असतं."

तो शब्द ऐकल्यावर मला तिथं बसवेना. बाहेर टपरीवर दोन चहा ढोसले.

तेव्हापासून डोक्यात एकच, पोरीला सायकलवर घालायला चष्मा. तुला हसू येईल, पण मी पंधरा दिवस कापसाचा भाव विचारला नाही, चष्म्याचे विचारत फिरलो. बाजारातून शंभर रुपयाचा काळा गॉगल आणला, त्यावर यूव्ही ४०० चं, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवतो असं सांगणारं स्टिकर. स्टिकर कोणीही चिकटवतं बे! कृषी केंद्रातल्या नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली पाचशेची नोट धरली, वर गॉगल आडवा केला. नोटेतले तंतू तसेच चमकत राहिले, म्हणजे ते किरण सरळ पार. असला काळा चष्मा उघड्या डोळ्यापेक्षा वाईट. अंधारात बाहुली मोठी होते आणि नको ते जास्तच आत शिरतं. केंद्रवाला मला पाहून म्हणे, "गुरुजी, नोट खोटी आहे का गॉगल?"

मग वेल्डिंगच्या कांड्या मिळतात त्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथं खोक्यात पांढरे चष्मे पडलेले, नव्वद रुपयाला एक. पॉलिकार्बोनेटची काच, दोन्ही बाजूंनी झाकलेली, कानावरच्या दांडीवर झेड ८७ प्लस, म्हणजे मार सोसणाऱ्या चष्म्याचा अमेरिकी शिक्का कोरलेला. त्याच दिव्याखाली धरला तर नोट विझली! रंग पाण्यासारखा, पण किरण अडवतो. काळेपणाचा आणि किरणांचा काही संबंध नाही हे मला या वयात कळलं. आणि पांढरा असल्यामुळे सांजेलाही चालतो, पावसाळ्यात तोंडावर चिलटं येतात तेव्हा. उन्हाळ्याला त्याच जातीतला राखाडी घेईन. उन्हात आपोआप काळा होणारा नको, तो फार तापला की नीट काळाच होत नाही, आणि आपला मे तुला माहीत आहे.

चष्मा तिला मोठा होतो. मागून नाडा बांधून दिला. त्यावरून घरात महाभारत. "बाबा, असा घालून गेली तं पोरी मले वेल्डर म्हणतील ना!" तुझी वहिनीही तिच्याच बाजूने. शिवाय बाई धुळीचा चष्मा कोरड्या दुपट्ट्याने पुसते, आठ दिवसांत ओरखडे. पाण्याने धू म्हणून सांगून थकलो.

आणि गड्या, तुझ्या लग्नात मी तुला बिननंबरी साहेब म्हणालो होतो, आठवतं? नंबर नाही, काही नाही, तरी फोटोभर चष्मा. सगळ्या वऱ्हाडाला हसवलं. तू नुसता म्हणालास, "डॉक्टरनं सांगितलंय, एकच डोळा चांगला आहे." तरी मी हसलोच. हे परवा खोक्यातून चष्मा उचलताना आठवलं. त्या प्लसच्या शिक्क्यासाठी पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने काचेवर मारून पाहतात. विटी एवढ्या जोरात जात नाही.

तुझ्या डोळ्याचं कारण म्हणून तुझ्या घरी अजून बाभळीचा काटाच माहीत आहे ना? माझ्या घरीही तोच. परवा चिंगीला पटवताना तोंडातून निघत होतं, गिळलं. सांगू का तिला? तू म्हणशील तसं.

तुझ्या पोराची दहावी यंदाच ना? अभ्यास करतो का मोबाईल? फ्लॅटचं पाणी आलं का? घर पाहायला येईन म्हणतो, हरभरा निघू दे.

एक काम कर. तुझा चष्मा कोणत्या दुकानातून घेतोस ते विचार, आणि लहान मापाची फ्रेम तिथं मिळते का बघ, तीनशेपर्यंत. रंग गुलाबी असला तर कदाचित घालेल. नाहीतर तुझा जुना पाठव. काकाचा म्हटल्यावर नाही म्हणणार नाही.

तुझाच,
बाप्या