मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : बाळाचा श्वास मोजणे मोबाइलवर किती शिकवता येते?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

आशांचे, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांचे, प्रशिक्षण ऑनलाइन घेतले की हॉलचे भाडे, जेवण, प्रवासभत्ता सगळे वाचते. २०२० मध्ये कोरोनामुळे दुसरा इलाजही नव्हता; ‘आयगॉट’ या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षण मंचावर, झूमवर जे जमले ते शिकवले गेले. पण अडचणीतली ती सोय कायमची रीत होणार असेल, तर त्याआधी थोडे बोलायला हवे. आम्ही आशांना आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना शिकवतो. पडद्यावर काय शिकवायचे आणि समोर बसवून काय, याची वाटणी आधी करा, एवढेच आमचे मागणे.

नवजात बाळाच्या गृहभेटी घ्या. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. घरीच झाले असेल तर पहिल्या दिवसाची भेट वाढते. बाळाचे तापमान बघायचे, वजन करायचे, श्वास मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असला की धोक्याची खूण. हा आकडा पाठ करायला मोबाइल पुरतो. मोजायला शिकायचे तर समोर बाळ लागते.

श्वास घेताना पोट वर येते, सोडताना खाली जाते. नवशिकी दोन्ही मोजते, ४४ चे ८८ होतात आणि धडधाकट बाळासाठी घरचे रात्री गाडी शोधत हिंडतात. कुणी १५ सेकंद मोजून चारने गुणते. तिथे एक श्वास निसटला की हिशेबात चार निसटले. शिवाय एवढ्या लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. भरभर चालतो, मध्येच काही सेकंद थांबतो, परत सुरू होतो. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचे आणि ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचे. बाळ रडत किंवा पीत असेल तर थांबायचे. झबले वर सारायचे, पोटावर उजेड पडेल असे बसायचे. नजर पोटावरून घड्याळाकडे गेली की मोजणी तुटते, तेव्हा मिनिट संपल्यावर वाजणारे घड्याळच हवे. आता हाच धडा रेंज नसलेल्या गावात चालू व्हिडिओवर बघा. चित्र अडखळते, मधल्या हालचाली गळतात आणि ७० चा श्वास ५० चा दिसतो. शिकणारीची चूक नसताना ती चुकीचे शिकते.

वजनाचेही तेच. बाळाला झोळीत टांगून स्प्रिंगच्या काट्यावर वजन करतात; तो काटा झोळीसकट शून्यावर आणायचा असतो. झोळी नंतर अडकवली तर तिचे वजन बाळाच्या नावावर चढते. काटा डोळ्यांच्या रेषेत धरायचा, बाळ हलायचे थांबल्यावर वाचायचे. आणि स्प्रिंग वापरून सैल होते, हे तर ऑनलाइन वर्गात कुणाला कळणारच नाही, कारण तिथे काटा प्रशिक्षकाच्या हातात येत नाही. २०० ग्रॅम जास्त दाखवणारा काटा २,४०० ग्रॅमच्या बाळाला २,६०० चे ठरवतो. २,५०० च्या खालचे म्हणून त्याला मिळायची ती जादा देखरेख तिथेच सुटते.

परीक्षेबद्दल स्पष्टच लिहितो. चार पर्यायांच्या प्रश्नांची उत्तरे दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतात, आणि प्रमाणपत्रांची संख्या अहवालात छान दिसते. त्यापेक्षा आधीच मोबाइलमध्ये उतरवलेल्या, खरा आकडा माहीत असलेल्या पाच चित्रफिती दाखवा आणि प्रत्येकीला न बोलता कागदावर आकडा लिहू द्या. तीन श्वासांचा फरक चालेल. मात्र ६० ची रेघ चुकीच्या बाजूने ओलांडलेली चालणार नाही. म्हणून फिती ५६ आणि ६३ च्या निवडा. ३५ आणि ९० कुणालाही ओळखू येतात.

मोबाइलचा खरा उपयोग उजळणीला आहे. तीन-चार मिनिटांचे ध्वनिपाठ मेळघाटात कोरकूत, धडगाव-अक्कलकुव्यात पावरीत, भामरागडात माडियात करा, आणि ते त्याच भागातल्या बाईच्या आवाजात असू द्या. पुस्तकातले ‘अतिसार’ कानाला लागत नाही. जुलाब म्हटले की लागते. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात एकदम घालायची, झिंकची गोळी सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरी करायची: असे धडे कानाने उत्तम शिकता येतात. फाइल प्राथमिक आरोग्य केंद्रातच मेमरी कार्डवर भरून द्या, म्हणजे गावात रेंज शोधत टेकडी चढावी लागणार नाही. आशेचा नेटपॅक बऱ्याचदा तिच्या खिशातून जातो, हेही जाता जाता नोंदवतो. सहा भेटींच्या अख्ख्या फेरीला तिला २५० रुपये मिळतात.

घरोघरी नवजात बाळाची काळजी घेता येते, हे गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत दाखवले आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तिथल्या आरोग्यदूत गावातल्याच बाया होत्या आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख होती. ती देखरेख वगळून नुसता अभ्यासक्रम उचलता येत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. वाचायचे-ऐकायचे सगळे मोबाइलवर जाऊ द्या. श्वास, वजन आणि तापमान मात्र प्रत्यक्षच शिकवा, एका प्रशिक्षकामागे दहापेक्षा जास्त जणी नकोत, आणि जागा अशी निवडा जिथे बाळंतिणी दाखल असतात. नंतर दर महिन्याच्या बैठकीत अर्धा तास सरावाला राखून ठेवा. त्या दिवशी प्रत्येकीने आपला काटा घेऊन यावे. केंद्रात मिठाच्या एक किलोच्या दोन पुड्या आणि अर्ध्या किलोची एक ठेवा. तिन्ही झोळीत घातल्यावर काटा अडीच किलोवर थांबला नाही, तर तो तिथेच बदलून मिळावा. बदली काटे त्या दिवशी केंद्रात असायला हवेत, मागणीपत्र पाठवून तीन महिन्यांनी नव्हे.

आपले,
आशा प्रशिक्षक