कंबरेच्या ऑपरेशनबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

रिपोर्टचा फोटो मिळाला. 'सिव्हिअर कॅनल स्टेनोसिस' (म्हणजे मणक्यांमधली नसांची वाट फार अरुंद झाली आहे) ही ओळ तू लाल पेनाने दोनदा गिरवली आहेस, त्यावरून तुझी अवस्था कळली. माझं ऑपरेशन छोट्या छेदातून झालं, म्हणून तू विचारतोयस की आपणही दुर्बिणीने करून घ्यावं की नेहमीसारखं उघडून. मला विचारशील तर छेदाचा प्रश्न सगळ्यात शेवटचा. त्याआधी हे बघ की त्रास नक्की कंबरेचा आहे की पायांचा.

कारण हे ऑपरेशन पायांसाठी असतं. वयाबरोबर मणक्यांमधली गादी फुगते, मागचे छोटे सांधे जाड होतात, मागून नसांना लागून असलेला पिवळा अस्थिबंध जाड होऊन आत दुमडतो, आणि मधली नसांची वाट आवळत जाते. ताठ उभं राहिलं की ती आणखी अरुंद होते, पुढे वाकलं की जरा मोकळी. म्हणून चालताना मांड्या-पोटऱ्या भरून येणं, मुंग्या येणं, बसल्याबरोबर हायसं वाटणं, आणि सायकलवर मात्र काहीच न होणं, हे अगदी ओळखीचं चित्र. तुझं असंच आहे का? की नुसतं थांबलास, न बसता न वाकता, तरी पोटरी मोकळी होते? तसं असेल तर रक्तवाहिनीचाही संशय घ्यावा लागतो. इतकी वर्षं सिगारेट ओढलीस, तेव्हा पायांतल्या नाड्या तपासून घेच. रागावू नकोस.

फक्त कंबर दुखत असेल, पाय ठीक असतील, तर ऑपरेशनवर फार आशा ठेवू नये. माझे पाय सुटले, कंबर सकाळी अजून धरते. आणि एमआरआयवर तरी किती विसंबायचं? साठीनंतर ज्यांना काडीचाही त्रास नाही, अशा कित्येकांच्या एमआरआयमध्येही नसांची वाट अरुंद दिसते. फिल्म आणि पाय एकच गोष्ट सांगत असतील, तरच पुढे जायचं.

'लवकर केलं नाही तर पाय जातील' असं तुला कोणीतरी सांगितलंय. हा आजार बहुधा सावकाश चालतो आणि पुष्कळांचा वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतो. व्यायामाला नेटाने वेळ देऊन बघायला हरकत नाही. मणक्यात देतात त्या इंजेक्शनचं मला विशेष वाटत नाही. 2014 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत बधिर करणाऱ्या औषधात स्टेरॉइड मिसळून दिल्याचा वेगळा असा फायदा जवळजवळ दिसला नव्हता. मात्र लघवी अडकली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे व्यायाम-बियाम काही नाही.

आता छेदाकडे येतो. तू घाबरतोस त्या मज्जारज्जूच्या जवळपासही हे काम नसतं. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, तुझी जागा त्याच्या खाली, चौथ्या-पाचव्याला. तिथे सुट्या नसांचा जुडगा असतो. मध्यरेषेच्या बाजूला साधारण दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतात, एकात एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारतात, आणि शेवटच्या नळीतून मायक्रोस्कोपखाली मणक्याच्या मागच्या कमानीचं थोडं हाड आणि तो जाड अस्थिबंध काढतात. मजा म्हणजे एकाच बाजूने शिरून नळी तिरकी केली की पलीकडची नसही मोकळी करता येते. एंडोस्कोपने, म्हणजे बारीक दुर्बिणीने, केलं तर छेद आणखी लहान.

यात रक्त कमी जातं, सुरुवातीचं दुखणं कमी, घरी लवकर सोडतात. मला दुसऱ्याच दिवशी चालवलं. पण काही वर्षांनी पायांचं कसं आहे हे बघितलं, तर नीट केलेल्या उघड्या ऑपरेशनचा आणि याचा निकाल बराचसा सारखाच येतो. तेव्हा ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या हाताला ज्या पद्धतीची सवय आहे ती पद्धत चांगली. नळीतून अर्धवट मोकळं करण्यापेक्षा थोडा मोठा छेद परवडला. लेझरच्या जाहिरातींना तर अजिबात भुलू नकोस. जाड झालेलं हाड लेझरने वितळत नाही.

तुझ्या रिपोर्टात मणका किंचित पुढे सरकल्याचंही लिहिलंय, म्हणून डॉक्टरांनी मणके एकमेकांना जखडायला स्क्रू आणि रॉड सुचवले असावेत. इथे मात्र दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेच. नॉर्वेमध्ये असेच मणका सरकलेले रुग्ण घेऊन तुलना केली होती, 2021 मध्ये ती छापून आली. नुसत्या नसा मोकळ्या केलेले लोक दोन वर्षांनी स्क्रूवाल्यांपेक्षा मागे पडले नव्हते. अर्थात मणका वाकताना हलतो की नाही, हे पुढे-मागे वाकून काढलेल्या एक्स-रेत आधी बघावं लागतं. हलत असेल तर गोष्ट वेगळी.

धोके आहेतच. नसांवरचं आवरण फाटून पाणी झिरपणं हा नेहमीचा. बहुतेक वेळा ते तिथेच निस्तरतात, पण मग काही काळ आडवं पडून राहायला लावतात. जंतुसंसर्ग, आत रक्त साकळणं, काही वर्षांनी पुन्हा अरुंद होणं हेही होतं. बधिरपणा सगळ्यात उशिरा जातो, कधी जातच नाही. माझा डावा तळवा अजून जाड लागतो, चप्पल निसटली तर कळत नाही. जातानाच सगळं विचारून घे, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांनाच ठरवू दे, आपल्या मनाने बंद करू नकोस.

एक्स-रे निघाला की फोन कर, संध्याकाळी मी मोकळाच असतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव