आधी त्या खिडकीची परीक्षा घे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पटकथा वाचली. एक खोली, दोन माणसं, खिडकीशी सांजवेळचं बोलणं. शॉट डिव्हिजन, म्हणजे सीनची शॉटमध्ये विभागणी, नेटकं केलं आहेस. पण टेस्ट शॉटना एकच तास, तोही शूटिंगच्या दिवशी सकाळी? हे बदल. तेव्हा चूक सापडली तरी दुरुस्त करायला वेळ उरत नाही. निदान चार दिवस आधी जा, आणि सीन ज्या वेळी घडतो त्याच वेळी जा.

सगळ्यात जास्त वेळ खिडकीला दे. पात्र खिडकीला पाठ करून बसलं की चेहरा काळा पडतो. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर वाढवलंस की खिडकी पांढरीफटक होते. खुर्ची काटकोनात फिरव, म्हणजे उजेड एका गालावर येईल. दुसऱ्या गालाकडे फ्रेमबाहेर थर्माकोलची पांढरी शीट धर. आधी दोन फुटांवर, मग चार फुटांवर. सावली किती भरते ते दोन्ही शॉट शेजारी ठेवून बघ. मग कॅमेरा न हलवता दर पंधरा मिनिटांनी दहा सेकंदांचा शॉट घे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, किती वाजल्यापासून वाढवावा लागतो, हे त्यातून कळेल. वाईड शॉट त्याआधी उरकायचे; क्लोजअप उजेड गेल्यावर दिव्यावरही जमवता येतात.

एका शॉटमध्ये एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास तर फरक कशामुळे पडला हे कळणार नाही. शॉट नंबर, शटर (एका फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते), आयएसओ, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाची सेटिंग) कागदावर लिहून तो कागद सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर धर. नुसत्या आठवणीवर विसंबू नकोस, गं.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. पात्र हललं की रंग सरकतो आणि एडिटला दोन शॉट जुळत नाहीत. दिवसाच्या उजेडाला ५६०० केल्विनवर लॉक कर. घरातले दिवे लावणार असलीस तर शटरही तपास. ५० हर्ट्झच्या विजेवर काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर जुळलं नाही तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेव.

आवाजाची टेस्ट मुलं हमखास विसरतात. पंखा, फ्रिज बंद करून दोघांना खरे संवाद म्हणायला लाव. माइक फ्रेमच्या कडेबाहेर, तोंडापासून दीड-दोन फुटांवर. मग सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज ३० सेकंद रेकॉर्ड कर. एडिटमध्ये वाक्यांमधल्या फटी त्यानेच बुजतात. हेडफोन लावून ऐक. कॅमेऱ्याच्या स्पीकरवर गुणगुण लपते.

चित्रही छोट्या स्क्रीनवर पाहून समाधान मानू नकोस. अंधाऱ्या कोपऱ्यातले दाणे आणि नाकावर बसलेला, डोळ्यांवरून निसटलेला फोकस मोठ्या स्क्रीनवरच दिसतो.

त्याच रात्री टेस्ट शॉट ओबडधोबड जोडून बघ. दोघं एकमेकांकडे बघतायत असं वाटतं का? एक उजवीकडे बघत असेल तर दुसऱ्यानं डावीकडे बघायला हवं. दोघंही एकाच दिशेला बघत असतील तर कॅमेरा दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेपलीकडे गेला आहे, ती जागा आराखड्यात बदल. मेमरी कार्डचा हिशेबही मांड: १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी लागतात.

जोडलेला तुकडा आणि तो कागद, दोन्ही मला पाठव. खिडकीचा शॉट आधी बघेन.

तुझी,
आई