मंत्रिमहोदय, भ्रंश काही डांबरी रस्त्याच्या कडेने शोधत नाहीत

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या हिवाळी अधिवेशनात, इथेच नागपुरात, आपण गाविलगड भ्रंशाच्या, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी खडक सरकून पडलेल्या लांबलचक भेगेच्या, 'सखोल भूभौतिकी सर्वेक्षणा'चा शब्द दिलात, त्याबद्दल आभार. आता अहवाल हाती आलाय. निष्कर्ष : 'सक्रिय भ्रंश आढळला नाही.'

आढळेल कसा? विद्युत रोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते, ते मोजायची एकच रेषा, तीही रस्त्याच्या कडेने पूर्व-पश्चिम. हा भ्रंश सातपुड्याच्या पायथ्याने साधारण पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैऋत्येकडे जातो. रेषा त्याला आडवी टाकायची असते, एक नाही, तीन-चार समांतर. तुमच्या लोकांनी ती त्याच्याच सोबतीने टाकली. रस्त्याला जीप लावता येते, शेतात केबल ओढावी लागते, एवढंच त्यामागचं शास्त्र.

४८ इलेक्ट्रोड (जमिनीत ठोकायच्या सळया), ५ मीटर अंतर, म्हणजे २३५ मीटर लांबी. वेन्नर मांडणीत (चार-चार सळया समान अंतरावर धरून मोजायच्या पद्धतीत) त्यातून जेमतेम ४० मीटर खोली दिसते. अहवालातलं रंगीत चित्र मात्र १०० मीटरपर्यंत! खालचे साठ मीटर कुणी पाहिले?

काम झालं मेमध्ये. भेगाळलेल्या काळ्या मातीत सळई नुसती ठोकून भागत नाही. मिठाचं पाणी ओतून आधी प्रत्येक सळईचा संपर्करोध, म्हणजे सळई आणि मातीमधला विजेचा अडथळा, तपासायचा, तो काही हजार ओहमच्या वर राहिला की वीज जमिनीत जातच नाही आणि वाचनं भरकटतात. तो तक्ताच अहवालात नाही. जोडीला जमिनीत शिरणाऱ्या रडारचा खर्च लावलाय. काळ्या चिकण मातीत ते मीटरभरात आंधळं होतं, हे बिल मंजूर करणाऱ्याला कुणी सांगायचं?

बरं, भ्रंशाची खूण मानला जाणारा कमी रोधकतेचा उभा पट्टा सापडला असता तरी तो कुजलेला बेसाल्ट असू शकतो, जुना मृत भ्रंशही असू शकतो. भूभौतिकी फक्त कुठे खणायचं ते दाखवते. भ्रंश जिवंत आहे का, म्हणजे अजून सरकतो का, हे त्या जागी चर खणून, नदीगाळाचे कोवळे थर सरकलेत का ते बघून आणि त्यांचं वय काढूनच कळतं. चर एकही नाही. तरी 'सक्रिय नाही' असा ठप्पा!

१९९३ आधी किल्लारीही नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. त्या ६.२ च्या भूकंपाने दहा हजारांच्या आसपास माणसं नेली. १९९७ला जबलपूर हललं. डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगणातल्या मुलुगूचा ५.३ चा धक्का नागपूरपर्यंत जाणवला. आम्ही लेखी हरकत घेतली, तर उत्तर आलं, 'काम निविदेनुसार पूर्ण.' खरंच आहे. निविदेत किलोमीटरचा दर असतो, दिशेचा नसतो. सगळ्यांत स्वस्त बोली, ३१ मार्चच्या आत निविदा उरकायची घाई, तपासणारा अधिकारी स्थापत्यचा. रस्ता असो, धरण असो की भ्रंश, आपल्याकडे मोजमाप-वही एकच!

मागणी साधी आहे : हा अहवाल रद्द करा, कच्ची वाचनं जाहीर करा, आणि अमरावती जिल्ह्यातल्या सालबर्डीच्या बाजूला आडव्या रेषा पावसाळ्यानंतर, जमिनीत ओल असताना टाका. पुढच्या अधिवेशनाला नागपुरात याल, तेव्हा चराची जागा दाखवायला आम्ही येऊ. जीप मात्र तिथवर जात नाही.

आपला,
भूभौतिकीतला एक नागपूरकर