मंत्रीसाहेब, डेलिगेशन लॉगवर नाव चढवायच्या आधी आम्हाला काम शिकवायला सांगा

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
नमस्कार.

मी पुण्यात क्लिनिकल ट्रायलवर (म्हणजे औषधाची पेशंटवर होणारी चाचणी) कोऑर्डिनेटर आहे, आमच्यात सीआरसी म्हणतात. पगार एसएमओ (हॉस्पिटलांना ट्रायलसाठी माणसं पुरवणारी कंपनी) देते, बसायला हॉस्पिटलात एक कोपरा, घरच्यांना अजूनही वाटतं मी लॅबमध्ये आहे. बी.फार्म, मग पीजी डिप्लोमा, मग हे. इन हँड 17 हजार मिळतात, पण पत्र त्यासाठी नाही लिहीत. पत्र आहे डेलिगेशन लॉगबद्दल, म्हणजे ट्रायलमधलं कुठलं काम कोण करणार त्या यादीबद्दल.

जॉईन होऊन तिसराच आठवडा होता. डायबिटीसच्या ट्रायलमधल्या एका आजोबांच्या सुनेचा शनिवारी रात्री व्हॉट्सॲप आला, बाबांना इथं गावातल्या दवाखान्यात ॲडमिट केलंय, आता बरंय, सोमवारी व्हिजिटला जमणार नाही. मी ओके काकू काळजी घ्या लिहिलं, हात जोडलेला इमोजी टाकला आणि डायरीत लिहिलं, व्हिजिट पुढे ढकलणे. सोमवारी सिनियरला सहज बोलले तर ती चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाली, ॲडमिट? कधीपासून?

असं अचानक ॲडमिट होणं म्हणजेच सिरियस ॲडव्हर्स इव्हेंट (एसएई, ट्रायलमधली गंभीर घटना), मग औषधाशी संबंध असो वा नसो. तुमच्याच 2019 च्या नियमांप्रमाणे इन्व्हेस्टिगेटरने, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टरने, तो 24 तासांत सीडीएससीओला (केंद्राची औषध नियंत्रण संस्था), स्पॉन्सरला (ट्रायल करवणारी कंपनी) आणि एथिक्स कमिटीला (पेशंटची सुरक्षितता बघणारी समिती) कळवायचा असतो. ते 24 तास रविवारीच संपले होते. आणि गंमत बघा, जीसीपीच्या (ट्रायल नीट कशी करायची त्या नियमांच्या) ऑनलाईन क्विझमध्ये या 24 तासांच्या प्रश्नाला मी बरोबर टिक केलेलं, सर्टिफिकेट फाईलला लावलेलं आहे. उशीर झाला की कारण लिहून द्यावं लागतं, ते पण मीच टाईप केलं, कम्युनिकेशन गॅप म्हणून, पीआय सरांनी (म्हणजे इन्व्हेस्टिगेटरनी) सही केली.

न्यूमोनिया निघाला, आजोबा बरे झाले. पण तिथल्या डॉक्टरांना माहीतच नव्हतं की पेशंट ट्रायलचं औषध घेतोय. ट्रायलमध्ये असल्याचं आम्ही दिलेलं कार्ड घरी कपाटात, आणि ज्या मुलीला हे माहीत होतं तिने इमोजी पाठवलेला. शनिवारी रात्रीच मी सरांना एक फोन केला असता तर ते थेट तिथल्या डॉक्टरांशी बोलले असते ना.

नियम मी नंतर बसून वाचले. स्पॉन्सरने काय करायचं, इन्व्हेस्टिगेटरने काय करायचं, एथिक्स कमिटीत कोण कोण पाहिजे, सगळं आहे. सीआरओंची (स्पॉन्सरसाठी ट्रायल सांभाळणाऱ्या कंपन्यांची) नोंदणी पण 1 एप्रिल 2025 पासून सक्तीची झाली, चांगलंच झालं. पण पेशंटचा फोन जिच्याकडे येतो तिला किती दिवस शिकवायचं, हे मला तरी त्यात कुठे सापडलं नाही. जबाबदारी कागदावर इन्व्हेस्टिगेटरची असते हो, मान्य, पण सर ओटीमध्ये असतात आणि फोन माझा वाजतो.

सध्या माझ्याकडे पाच स्टडी आहेत. सकाळी उपाशीपोटी आलेल्या पेशंटचं ब्लड, ते वेळेत सेंट्रीफ्यूज करणं, ड्राय आईस घेऊन येणाऱ्या कुरिअरवाल्याची वाट बघणं, औषधांचा फ्रिज 2 ते 8 डिग्रीत आहे ना ते लिहिणं, मधेच मॉनिटरच्या (स्पॉन्सरतर्फे नोंदी तपासणाऱ्या माणसाच्या) क्वेरी, आणि पेशंटच्या एसटी भाड्याचे पैसे स्पॉन्सरकडून आले नसले की आपल्याच जीपेवरून देणं (मागच्या महिन्याचे अजून यायचेत). यात माणूस वर्षभर टिकला तरी खूप. मी आल्यापासून दीड वर्षात आमच्याकडून तिघं गेले. हॅन्डओव्हर म्हणजे एक एक्सेल शीट आणि काही लागलं तर कॉल कर.

तर मागणी एवढीच, नवीन कोऑर्डिनेटरचं नाव डेलिगेशन लॉगवर चढायच्या आधी त्याने निदान चार आठवडे अनुभवी माणसासोबत काम केलंय याची नोंद सक्तीची करा, कन्सेंट आणि एसएई तरी डोळ्यांनी बघू दे त्याला. आणि एका कोऑर्डिनेटरकडे किती स्टडी आहेत हा आकडा एथिक्स कमिटीसमोर जाऊ दे. नुसतं क्विझ नको.

लवकर करा प्लीज. आमच्याकडे सोमवारी एक नवीन मुलगी जॉईन होतेय, आणि बुधवारी मॉनिटर येणार म्हणून तिचं नाव मंगळवारीच लॉगवर चढणार आहे.

आपली,
एक सीआरसी, पुणे