सूचना : अ‍ॅनालिस्ट पदाच्या पहिल्या फेरीची तयारी

सर्व सदस्यांना नमस्कार,

इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या मुलाखतींचे बोलावणे आलेल्यांनी आजपासून तयारीला लागावे. पहिली फेरी बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर, साधारण अर्ध्या तासाची असते. सुरुवात ‘स्वतःबद्दल सांगा’नेच होते. उत्तर दोन मिनिटांत संपवा. बायोडेटा वाचून दाखवू नका, तो त्यांच्यासमोर असतोच.

तांत्रिक भागात तिन्ही आर्थिक पत्रकांची (नफा-तोटा पत्रक, रोकड प्रवाह पत्रक आणि ताळेबंद) सांगड हमखास विचारतात. घसारा १० रुपयांनी वाढला तर काय होईल? कर २५ टक्के धरा. करात २.५० वाचतात, म्हणून निव्वळ नफा ७.५० ने घटतो. रोकड प्रवाहात घसाऱ्याचे १० परत मिळवले जातात, म्हणून रोकड २.५० ने वाढते. ताळेबंदात मालमत्ता १० ने कमी, रोकड २.५० ने जास्त. समोरच्या बाजूला राखीव नफा ७.५० ने कमी. ताळा जुळला. हे कागदाशिवाय, मोठ्याने बोलून दाखवता आले पाहिजे. मनात येते आणि तोंडाने अडखळते, असे बहुतेकांचे होते.

डीसीएफ (भविष्यातील रोकड प्रवाहांचे आजचे मूल्य काढून कंपनीची किंमत ठरवणे), एंटरप्राइझ व्हॅल्यू (कर्जासह पूर्ण व्यवसायाचे मूल्य) आणि इक्विटी व्हॅल्यूतला (फक्त भागधारकांच्या वाट्याचे मूल्य) फरक, ईबीआयटीडीएचे (व्याज, कर, घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा) गुणक हेही पक्के करा. एलबीओचा (मुख्यतः कर्ज काढून कंपनी विकत घेणे) ढाचा माहीत असला तरी पुरे. अलीकडचा एखादा व्यवहार निवडा : कोणी कोणाला घेतले, किती किमतीला, का. आणि तो सौदा पटतो का, यावर स्वतःचे मत हवेच.

उत्तर येत नसेल तर तसे सांगा. थापा लगेच पकडल्या जातात.

सराव मुलाखतीसाठी जोडीदार हवा असल्यास गटात नाव कळवावे.